जुन्या जीन्सची गोधडी शिवताना या चुका टाळा

जीन्सची गोधडी शिकायला येणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की, कापड जाड आहे, म्हणजे ते उबदारही असणारच. पुढच्या निम्म्या चुका या एका समजुतीतून होतात. ऊब ही थरांच्या मध्ये अडकून राहिलेल्या हवेची असते. डेनिमची, म्हणजे जीन्सच्या कापडाची, वीण घट्ट असल्यामुळे ते वारा चांगला अडवते, परंतु हवा धरून ठेवण्याचे काम आतल्या मऊ थरांनाच करावे लागते. जुनी सुती लुगडी एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

मी स्वतः ही चूक पुरेपूर केलेली आहे. निफाडच्या थंडीचा धसका घेऊन तिथल्या मावशीसाठी मी पाच बाय सात फुटांची गोधडी शिवली. वर जीन्स, खाली जीन्स आणि मध्ये एक जाड ब्लँकेट. जो हिशेब आधी करायला हवा होता, तो मी नंतर केला. बारा औंसांचे (म्हणजे चौरस यार्डाला बारा औंस भरणारे) डेनिम चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम भरते. सहा इंची चौकोनासाठी माया, म्हणजे शिवणीत जाणारी कड, धरून सात इंची तुकडा कापावा लागतो आणि असे १४० तुकडे जोडले की केवळ वरचा थरच पावणेदोन किलोंचा होतो. दोन्ही बाजू आणि ब्लँकेट मिळून ते प्रकरण पाच किलोंच्या पुढे गेले. मावशीने आठवडाभर पांघरून पाहिली आणि फोनवर म्हणाली, "अगं, कूस बदलायची तर कोणाला तरी हाक मारावी लागते." पुढे ती धुतली, तेव्हा दोघींना मिळून पिळता येईना. चौथ्या दिवशीही कडेच्या शिवणीत ओल होती आणि सगळ्या गोधडीला कुबट वास लागला होता. शेवटी मी ती उसवली, खालचा डेनिमचा थर आणि ब्लँकेट दोन्ही काढून टाकले, मध्ये सुती लुगड्याच्या दोन घड्या घातल्या आणि खाली जुनी मऊ चादर लावली. वजन जवळजवळ निम्म्यावर आले आणि मावशीच्या म्हणण्याप्रमाणे ऊब वाढली. तेव्हापासून मी डेनिम फक्त वरच्या बाजूला वापरते. दोन्ही बाजूंना जीन्स हवी, असा हट्ट धरणाऱ्याला मी आधी ओल्या जीन्सची बादली उचलायला लावते.

त्याच ओघात सांगते. मध्ये पिंजलेला कापूस भरू नये, कारण धुतल्यावर त्याचे गोळे होतात. तसेच, सबंध गोधडीवर बोटभर अंतराने शिवणी मारून तिची चटई करू नये, कारण त्यामुळे आतली हवा दाबली जाते. मी तीन-चार इंचांच्या अंतराने धावदोरा घालते आणि हात दुखत असतील तर चौकोनांच्या कोपऱ्यांवर जाड सुती दोऱ्याच्या गाठी मारते.

दुसरी चूक साधी दिसते, पण सर्वाधिक गोधड्या तिनेच बिघडवल्या आहेत. साधी जीन्स आणि ताणली जाणारी जीन्स एकाच गोधडीत मिसळू नये. ताणणाऱ्या कापडाच्या आडव्या धाग्यात इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा तंतू, असते. मशीनच्या पायाखाली ते लांबते, सुटल्यावर आखडते आणि शेजारच्या साध्या चौकोनाला चुण्या पाडते. इस्त्रीने त्या जातील, असे ज्यांना वाटते, त्यांनी दोनदा धुऊन पाहावे. तुकडा आडवा ओढावा. तो लांबून मागे आला तर वेगळ्या ढिगात टाकावा. हल्लीच्या बायकांच्या जीन्स बहुतेक याच ढिगात जातात. त्यांच्या पिशव्या चांगल्या होतात.

मशीनच्या सुया मोडतात म्हणून मशीनला दोष देणारेही पुष्कळ भेटतात. दोष बहुधा कापणाऱ्याचा असतो. मांडीच्या आतल्या बाजूची ती दुहेरी, उलटून घातलेली शिवण उसवत बसू नये, ती सरळ कापून टाकावी. जोडशिवण एका बाजूला दाबली तर चार चौकोन मिळतात त्या जागी सात ते नऊ थर साचतात. दोन्हीकडे उघडून इस्त्री केली तर चारच राहतात. सुई १००/१६ क्रमांकाची घ्यावी, टाका साडेतीन मिलिमीटरचा ठेवावा आणि उंचवटा आला की चाक हाताने फिरवावे. माझी जुनी पायमशीन हे काम कुरकुर न करता करते, पण तिला घाई चालत नाही आणि "रविवारी सकाळी सुरू करून संध्याकाळी पांघरायची आहे" असे सांगणाऱ्यांना घाईच हवी असते.

गडद निळ्या जीन्स न धुता कापू नयेत. निळीचा रंग धाग्याच्या आत फारसा मुरत नाही, तो वरवर बसतो आणि म्हणूनच पांढऱ्या चादरीला लागतो. मी त्या दोनदा धुते आणि ओले पांढरे फडके घासून पाहते. फडके निळे झाले तर तिसऱ्यांदा धुते.

गुडघ्याचे आणि मांडीचे विरलेले कापड घेऊ नये. ते टाकूनही एका मोठ्या जीन्सचे दहा-बारा तुकडे सहज मिळतात, म्हणजे वर सांगितलेल्या मापासाठी बारा ते चौदा जीन्स लागतात. चार जीन्सवर गोधडी मागणाऱ्यांनी बाळाचे दुपटे शिवावे.

खिसे शोभेसाठी ठेवण्याची हौस मला कधी समजली नाही. झोपेत ते बरगडीला टोचतात आणि त्यांवरचे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे कोपऱ्यांवर ठोकलेल्या धातूच्या टिकल्या, काढायचे राहिले तर गालाला ओरखडा येतो. खिसा हवाच असेल तर तो पायाकडच्या रांगेत, रिव्हेट कापून लावावा.

पहिल्या धुण्यानंतर गोधडी दोरीवर टांगू नये, कारण ओल्या वजनाने मधला धावदोरा तुटतो. गच्चीवर चादर अंथरून ती आडवी वाळवावी आणि दुपारी एकदा उलटावी.