घराचं काम काढलंय? माळ्यावरच्या जुन्या उपकरणांच्या बाबतीत या चुका टाळा

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडीत सध्या दर चार पावलांवर एक बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली आहे. नवी मुंबईत वाशी-नेरुळला सिडकोच्या जुन्या घरांत टाइल्स आणि किचन बदलायची लाट आहे. माळे रिकामे होतात आणि माझा फोन वाजतो. "काका, आजोबांचा रेडिओ सापडलाय, चालू होत नाहीये, जरा बघता का?" चालू होत नाहीये म्हणजे लावून बघून झालेलं आहे. माझं डोकं तिथंच फिरतं.

उंदीर, झुरळं आणि ठाण्याची खाडीची हवा सोसून चाळीस वर्षं टिकलेली वस्तू घरच्यांच्या उत्साहापुढं दोन दिवसही टिकत नाही. म्हणून हे लिहितोय. बहुतेक चुका सापडल्याच्या पहिल्या आठवड्यातच होतात आणि त्यातल्या निम्म्या पहिल्या तासात.

"लावून तर बघू"

चरईतल्या एका घरातली गोष्ट. जागा खाली करायची नोटीस आलेली. माळा उपसताना गोधडीत गुंडाळलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला जुना रेडिओ निघाला. लाकडी पेटी, हस्तिदंती रंगाची बटणं, डायलची काच शाबूत आणि मागचा भोकाभोकांचा पुठ्ठाही जागेवर. असा पूर्ण सेट क्वचित हाती लागतो. मी फोनवर सांगितलं, हात लावू नका, रविवारी येतो.

रविवारपर्यंत दम कुणाला! नातू इंजिनीअरिंगला. त्यानं कापडी वायरीची टोकं सोलली, सॉकेटच्या भोकांत खुपसली, वर आगपेटीच्या काड्या ठोकल्या आणि बटण दाबलं. डायलमागचा दिवा लागला. घरात टाळ्या वाजल्या म्हणे. मग घूं असा आवाज सुरू झाला, वाढत गेला, जळक्या डांबराचा वास आला आणि फाट्‌कन काहीतरी फुटलं. मी गेलो तेव्हा ट्रान्सफॉर्मरमधलं डांबर ओघळून चासीवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, थिजलेलं होतं आणि पोरगा विचारत होता, "फ्यूजच गेला असेल ना, काका?"

फ्यूज नव्हे. आतले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर इतकी वर्षं पडून सुकतात. त्यांना एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की ते जवळजवळ शॉर्टसारखे वागतात. सगळा भार एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर आणि त्याच्यामागच्या ट्रान्सफॉर्मरवर येतो. कागदी कंडेन्सरची वेगळी तऱ्हा. स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा एक जरी करंट गळणारा असला तर तो व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कंडेन्सर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशांत मिळतो. ट्रान्सफॉर्मर मात्र गुंडाळून घ्यावा लागतो आणि तसा गुंडाळणारा माणूस शोधण्यात महिने जातात.

माझा इलाज जुन्या वायरमन लोकांचा, सिरीज बल्ब. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे करंट बल्बमधूनच सॉकेटला जाईल असे जोडलेले. होल्डरमध्ये 60 किंवा 100 वॉटचा तारेचा पिवळा बल्ब. एलईडी इथं चालत नाही, ती भार घेत नाही. तारेचा बल्ब हल्ली सहज मिळत नाही, पण बाजारपेठेतल्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारलं की मागच्या खणातून निघतो. दोन-चार घेऊन ठेवा. उपकरण या सॉकेटला लावायचं. बल्ब पूर्ण तेजानं पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. आधी पेटून मग मंद झाला तर आशा आहे. ट्रान्सफॉर्मरचा रेडिओ असेल तर मी पहिल्यांदा रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढूनच लावतो. नुसता ट्रान्सफॉर्मर ठीक असेल तर बल्ब अगदी नावाला लुकलुकतो. त्यानंतर कंडेन्सर बदलायचे, मग व्हॉल्व्ह परत बसवायचा. यूट्यूबवर कुणीतरी दहा मिनिटांत रेडिओ गातो करून दाखवतं. त्यानं आधी काय काय बदललेलं असतं ते त्यात नसतं.

एक लक्षात ठेवा, सिरीज बल्ब उपकरणाला वाचवतो, तुम्हाला नाही. काही सेटना मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. आतल्या व्हॉल्व्हचे नंबर यूसीएच 81, यूएल 84, यूवाय 85 असे यू अक्षरानं सुरू होत असतील तर चासी थेट मेनला जोडलेली असू शकते. प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीत करंट. अशा सेटचं बटण निघालेलं असेल तर उघड्या दांड्याला हात लावू नका. आणि बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट थांबून राहू शकतात. ज्याला हे पहिल्यांदाच कळतंय त्यानं मागचा पुठ्ठा उघडूच नये.

पुसून चकाचक करणं

दिवाळीच्या साफसफाईचा जोश इथं नको. रेडिओच्या डायलवरची सिलोन, दिल्ली, लंडन ही नावं बहुधा काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि तो रंग नुसत्या ओल्या फडक्यानंही सुटतो. नेरुळला एका घरात सुनेनं काच काढून निळा फवारा मारून पुसली. फडक्यावर उलटं "सिलोन" उमटलेलं मी पाहिलंय. काच लख्ख झाली होती, पलीकडचं सगळं दिसत होतं! मागची बाजू मी कोरड्या मऊ ब्रशनं झटकतो, बस. ओलं फडकं फिरवायचं ते फक्त पुढून.

हाच नियम शिलाई मशीनच्या सोनेरी नक्षीला. तिच्यावरचं चकाकतं आवरण बहुधा लाखेचं असतं, स्पिरिट लागलं की ते विरघळतं आणि नक्षीही जाते. 78 आरपीएमच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्याही लाखेच्या, त्यांनाही स्पिरिट वर्ज्य. मशीन जाम असेल तर जोर लावून चाक फिरवू नका. नव्वद टक्के वेळा कुणीतरी खोबरेल तेल सोडलेलं असतं, ते वाळून डिंकासारखं झालेलं असतं. मशीनचंच तेल प्रत्येक भोकात थेंब थेंब सोडा, हेअर ड्रायरनं जरा ऊब द्या, रात्रभर ठेवा, सकाळी हातानं हलवून बघा. नाही हललं तर परत तेच. चार दिवस लागले तर लागले.

तांब्याचा बंब मात्र चिंच-मीठ लावून खुशाल घासा, त्याला काही होत नाही. फक्त भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. आणि त्यात मनी प्लांट लावणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पाटी न वाचता "ब्रिटिशकालीन" ठरवणं

प्रत्येक घरात वस्तू शंभर वर्षांचीच असते. आजोबा 1940 साली जन्मले आणि पंखा त्यांनी पहिल्या पगारातून घेतला, असं त्याच दमात सांगतात, हिशोब कुणी करत नाही. पाटी वाचा. कंपनीच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर वस्तू 15 ऑगस्ट 1972 नंतरची, कारण पिनकोड तेव्हाच सुरू झाला. नुसतं "बॉम्बे 1" असेल तर बहुधा त्याआधीची. आयएसआयचा शिक्का असेल तर ब्रिटिशकाळ विसरा, ती संस्थाच 1947 ची. पाटीवर हर्ट्‌झऐवजी "सायकल्स" किंवा सी/एस लिहिलेलं असेल तर साठच्या दशकाच्या आसपास किंवा त्याआधीचं धरून चाला. "वेस्ट जर्मनी" असेल तर 1949 ते 1990 यांच्या मधलं. गोदरेजनं फ्रिज करायला 1958 मध्ये सुरुवात केली, तेव्हा "स्वातंत्र्याच्या आधीचा गोदरेज फ्रिज" मला कुणी दाखवू नये.

कागद टाकू नका. पावतीवर आणे असतील तर खरेदी बहुधा एप्रिल 1957 च्या आधीची, "नये पैसे" असतील तर 1957 ते 1964 च्या दरम्यानची. रेडिओला पूर्वी टपाल खात्याचं लायसन्स लागायचं, ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. ते पुस्तक बहुतेक वेळा रेशनकार्डाच्या जुन्या पिशवीत सापडतं. त्यातल्या पहिल्या शिक्क्याच्या वर्षी रेडिओ घरात होता, एवढं तरी पक्कं होतं. ठाण्यात मर्फीचा कारखानाच होता, त्यामुळे इथल्या घरांत मर्फी निघाला की मी पावतीबरोबर जुनी ओळखपत्रं, कामगार सोसायटीचे कागद असं काय काय आहे तेही विचारतो.

पाटी चमकवायला ब्रासो मात्र नको. त्यावरचा काळा रंग गेला की अक्षरं गेली. तिरका टॉर्च मारून फोटो काढा, पुसट आकडेही दिसतात.

तोडणाऱ्यांच्या हाती घर देणं

कंत्राटदाराची माणसं वाईट नसतात, त्यांना दिवसभरात खोली मोकळी करायची असते. त्यांच्या लेखी पंखा म्हणजे छतातला अडथळा. वाशीच्या एका घरात तीन जुने बिडाच्या बॉडीचे पंखे होते, वजनदार, आवाज नाही, वारा भरपूर. मालक ऑफिसला गेले, संध्याकाळी आले तेव्हा तिन्ही पंखे डेब्रिजच्या गोणीशेजारी. वायरी मोटरपाशी अगदी मुळातून पक्कडीनं तोडलेल्या, दांड्यावरच्या वाट्या म्हणजे कॅनोपी चेपलेल्या, दांड्यांच्या पिना गायब, आणि नऊ पाती एकावर एक रचलेली.

पाती दिसायला सारखी असली तरी तीन-तीनचा संच वजनानं जुळवलेला असतो. एकाचं पातं दुसऱ्याला गेलं की पंखा डुलतो. आम्ही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाती तोलून जोड्या लावत बसलो. दोन पंखे मार्गी लागले, तिसरा अजून हलका हलतो आणि मालक रोज त्याच्याखाली झोपून मला शिव्या देत असतील. कॅनोपी शोधायला मीच चोर बाजारात भटकलो. दांड्याच्या बोल्टमधली ती वाकवलेली छोटी पिन दोन रुपयांची असेल, पण तिच्याशिवाय पंखा चढवू देत नाही मी कुणाला. खिळा वाकवून घालणारे महाभाग आहेत.

मी तोडफोडीच्या आदल्या दिवशी जातो, त्या दिवशी नाही. जागेवरच फोटो, मग मास्किंग टेप आणि मार्कर. हॉल 1, हॉल 2, हॉल 3 असं प्रत्येक पात्यावर. वायर कापायचीच असेल तर वीतभर शेपटी ठेवून. स्क्रू, पिना, बटणं एका कापडी पिशवीत आणि ती पिशवी त्याच वस्तूला सुतळीनं बांधलेली. सगळ्या घराचे स्क्रू एकाच आइस्क्रीमच्या डब्यात भरणारे लोक मला नंतर तो डबा आणून देतात. मी तो घेत नाही.

शिलाई मशीनचं टेबलही याच दिवशी जातं. बिडाचा स्टँड कॅफेवाल्यासाठी, डोकं भंगारात, ड्रॉवर गोणीत. बॉबिन, लांब शटल, पायपट्ट्या सगळं त्या ड्रॉवरमध्ये असतं. ड्रॉवर आधी रिकामा करा.

बाकीच्या, थोडक्यात

जुना फ्रिज रोजच्या वापराला काढू नका, वीज खातो. बघायला ठेवायचा असेल तर ठेवा, पण कडीचं हँडल असलेल्याचं दार आधी काढा. मूल आत अडकलं तर ते आतून उघडत नाही. मागची नळी कापायला कुणालाही देऊ नका. आतला आर 12 गॅस ओझोनला घातक म्हणूनच बंद झाला.

जुन्या इस्त्रीत किंवा टोस्टरमध्ये पांढरा, तंतू सुटणारा कागद दिसला तर खरवडू नका, फुंकू तर अजिबात नका. अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. झाकण लावा आणि शोकेसमध्ये ठेवा.

मिक्सरमधून ठिणग्या येतात म्हणून तो मेला नाही. कार्बन ब्रश झिजलेत. सुमीतसारखे जुने मिक्सर ब्रश बदलून परत उभे राहतात. मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात विचारा, जुना ब्रश बरोबर न्या.

गिझर? भंगारात द्या. त्याच्या टाकीवर मी माझं डोकं ठेवणार नाही.

नव्या घरात जुना पंखा किंवा टेबल फॅन लावला आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडला तर इलेक्ट्रिशियन म्हणतो, "साहेब, हा बायपास करतो." त्याला दाराबाहेर काढा. आरसीसीबी बरोबर काम करतोय, जमिनीत करंट गळतोय. पावसाळ्यात दमट झालेल्या वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचं, हे नेहमीचं आहे. वाइंडिंगच्या दुकानात मेगर, म्हणजे करंटची गळती तपासायचं यंत्र, लावून घ्या, भट्टीत सुकवून वार्निश मारून मिळतं. लोखंडी बॉडी असेल तर कापडी दोन तारी वायर काढून अर्थिंगची तीन तारी घाला. वायर मूळची नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी ती जुनी वायर फ्रेम करून भिंतीवर लावावी.

आणि रिडेव्हलपमेंटच्या काळात कळवा-कोपरीला भाड्याच्या घरात राहणार असाल तर या वस्तू प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून बाल्कनीत ठेवू नका. आत घाम धरतो, पहिल्या पावसाळ्यातच बुरशी आणि गंज. जुनी सुती साडी गुंडाळा, खाली दोन विटा, भिंतीपासून हातभर लांब. आणि व्हॉल्व्ह रेडिओतून काढून वेगळे ठेवणार असाल तर कुठला कुठे होता त्याचा फोटो आधी काढा. तो नकाशा बहुतेक सेटमध्ये मागच्या पुठ्ठ्यावर किंवा पेटीच्या आत चिकटवलेला असतो, आणि तोच पुठ्ठा लोक पहिला फेकतात.