त्वचेच्या कॅन्सरचा तुकडा काढताय? या चुका टाळा

मी पॅथॉलॉजिस्ट; काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे माझं काम. बाटलीत येतो कातडीचा तुकडा, सोबतच्या फॉर्मवर फक्त 'नाक, गाठ'. दिशा दाखवणारा टाका नाही. डोळ्याकडची कड कुठली नि ओठाकडची कुठली, हे मी कुंडली मांडून सांगायचं का?

एका आजींच्या नाकपुडीशेजारी बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) होता. सर्जनसाहेबांनी गाठ काढून त्याच बैठकीत गालाची कातडी फिरवून फ्लॅप बसवला. काम अगदी सुबक. तपासताना आम्ही तुकड्याच्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतो. रिपोर्ट गेला: एका कडेला गाठ कापलेल्या रेषेपर्यंत पोचलीय. लगेच फोन, "कोणती कड?" मी म्हटलं, "निळ्या शाईची. चेहऱ्यावर ती कुठे येते ते तुम्हीच सांगा." त्यांना सांगता येईना, कारण फ्लॅपने सगळंच जागचं हललं होतं. शेवटी फ्लॅप उचलून चारही बाजू पुन्हा कापल्या. एक टाका वाचवल्याची किंमत आजींनी मोजली.

मला आवडणारे सर्जन भूल देण्याआधीच पेनने गाठीची कड आखतात, मग मार्जिनची, म्हणजे गाठीभोवती काढायच्या निरोगी कातडीची, दुसरी रेघ. साध्या, लहान बेसल सेलला ४ मिलिमीटर, कमी जोखमीच्या स्क्वॅमस सेलला (हा त्वचेच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार) ४ ते ६. तुकडा सुटण्याआधी 'बारा वाजता', म्हणजे घड्याळाप्रमाणे वरच्या टोकाला, सिल्कचा टाका, नि फॉर्मवर छोटं चित्र. नाक, पापणी, कान असेल तर रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप न बसवता ड्रेसिंगवर थांबतात. घाई असलेल्यांना हे थांबणं कमीपणाचं वाटतं. नेहमीच्या पद्धतीत आम्ही तुकड्याचे पावासारखे स्लाइस करतो, त्यात खरी कड एक टक्काही दिसत नाही. म्हणून जिथे मोझ सर्जरीची सोय आहे, तिथे चेहऱ्याच्या अवघड गाठी पाठवाव्यात. तिच्यात पूर्ण कड त्याच दिवशी तपासली जाते.

'चामखीळच आहे' म्हणत कॉटरीने जाळणं, हा माझा दुसरा राग. आपल्याकडे बेसल सेल बहुधा काळसर असतो, तीळच वाटतो. जाळलं की तपासायला उरतं काय? राख.

तळपायाचा संशयास्पद काळा डाग वरवर खरवडू नका. तो मेलानोमा (काळ्या डागाचा घातक कॅन्सर) निघाला नि त्याची जाडी मोजता आली नाही तर पुढचं मार्जिन कशावरून ठरवणार?

भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा परकराच्या नाडीखाली न भरणारी जखम दिसली, तर महिनोन्महिने मलम नको, तिथेही कॅन्सर असू शकतो; कडेची बायोप्सी घ्या, म्हणजे छोटा तुकडा तपासायला पाठवा.

आणि तुकडा सलाईनमध्ये पाठवू नका. दहा टक्के फॉर्मलिन (तुकडा टिकवणारं द्रावण), तुकड्याच्या दहापट.