लीजची गाडी कोकणात वापरताय? या चुका टाळा

गाडी दारात आली, हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवून चार हात पुढे नेली. मग शेजारचे काका विचारतात, "केवढ्याला पडली?" आपण म्हणतो, "घेतली नाही, लीजवर आहे." त्यावर काकांचा पुढचा प्रश्न, "म्हणजे भाड्याची?" इथून आपली उलटतपासणी सुरू होते. लीज म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत हप्ता भरून गाडी वापरायची आणि शेवटी कंपनीला परत द्यायची. मी पुण्याहून गाडी लीजवर घेऊन रत्नागिरीत आलो तेव्हा काकांना जी उत्तरं देता आली नाहीत, ती नंतर पैसे मोजून मिळवली.

सगळ्यात महाग पडते ती किलोमीटरची चूक. करार करताना वर्षाला किती किलोमीटर चालवणार, ती मर्यादा विचारतात आणि आपण फक्त रोजचं ऑफिस मोजतो. माझं ऑफिस ४ किलोमीटरवर, म्हणून १२,००० भरपूर झाले असं वाटलं. आता खरा हिशेब बघा. रत्नागिरी ते मुंबई साधारण ३४० किलोमीटर. महिन्याला एक फेरी धरली तरी जाऊन येऊन ६८०, म्हणजे वर्षाचे ८,१६०. आईला महिन्यातून एकदा कोल्हापूरला डॉक्टरकडे न्यायचं, एका फेरीला २६०, वर्षाचे ३,१२०. ऑफिसचे सुमारे २,२४०. बेरीज १३,५२०. यात गणपती नाहीत, शिमगा नाही, मे महिन्यातली लग्नंही नाहीत. जादा किलोमीटरला समजा ८ रुपये दर असेल, तर नुसत्या या १,५२० किलोमीटरचे १२,१६० रुपये झाले. दर प्रत्येक करारात वेगळा असतो, तो आधी शोधा. हिशेब दर वर्षी होतो की मुदत संपताना एकदम, हेही बघा. एकदम होणार असेल तर पहिल्या वर्षीचा जादा वापर पुढे भरून काढता येतो. मर्यादा ओलांडणार असं दिसलं की कंपनीला लगेच मेल करा. काही कंपन्या मधेच मोठी मर्यादा देतात आणि हप्ता थोडा वाढवतात. शेवटच्या महिन्यात विचारलंत तर कोणी दाद देत नाही.

दुसरी चूक खास आपल्याकडची. घरी दोन खोल्यांचं होमस्टे आहे, पाहुणे स्टेशनवर उतरतात, मग आपलीच गाडी पाठवायची आणि बिलात तीनशे-चारशे रुपये लावायचे. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, त्याला परमिट लागतं. लीजच्या करारातही वापर खासगी असं लिहिलेलं असतं. नेमका त्याच फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि लीजवाले करार मोडला म्हणून मागे लागतात. पाहुण्यांना रिक्षाच बोलवा.

"मालक कोण?" या प्रश्नाचं उत्तर काकांना वाटतं तितकं सोपं नाही. कायद्याच्या व्याख्येत लीजच्या गाडीचा मालक म्हणजे करारानुसार ती ज्याच्या ताब्यात आहे तो. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, तुमच्या नावावर असेल तर त्यावर लीजची नोंद असते. नोकरीतून कंपनीमार्फत घेतलेली गाडी बहुधा कंपनीच्याच नावावर असते. अशा वेळी ई-चलान आधी त्यांच्याकडे जातं आणि तुमच्यापर्यंत उशिरा पोचतं. म्हणून गाडीचा नंबर टाकून परिवहनच्या साइटवर महिन्यातून एकदा बघत जा.

विम्याबद्दल थोडं सविस्तर. नव्या कारला २०१८ च्या सप्टेंबरपासून थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, तीन वर्षांचा सक्तीचा आहे. त्यामुळे कागदावर तीन वर्षं दिसतात आणि आपण निर्धास्त राहतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. तो कोण नूतन करणार, तुम्ही की लीज कंपनी, हे लेखी घ्या. आणि इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कलम, आहे का ते तपासा. चिपळूणकरांना हे सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर किती गाड्या टो करून न्याव्या लागल्या, ते त्यांनी पाहिलंय. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर पाणी ओसरल्यावर "बघू तरी सुरू होते का" म्हणून स्टार्टर मारू नका. पाणी इंजिनाच्या सिलिंडरात गेलेलं असतं, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारतात. बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनी आणि लीज कंपनी दोघांना कळवा, गाडी टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या.

अधिकृत सेंटरलाच, हे मुद्दाम सांगतो. आमचा मेस्त्री आवाजावरून बिघाड ओळखतो, पण त्याच्या चिठ्ठीला लीजच्या फाइलमध्ये किंमत नाही. वायर कापून फॉग लॅम्प किंवा म्युझिक सिस्टीम बसवणंही तसंच, आधी परवानगी.

खारा वारा वेगळाच शत्रू. गाडी किनाऱ्यावर वाळूत उतरवू नका. रुतली तर ट्रॅक्टरवाला मागेल तेवढे पैसे द्यावे लागतात, आणि भरतीला तुमचा करार ठाऊक नसतो. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर खाऱ्या पाण्याचे तुषार उडाले असतील तर घरी आल्यावर खालच्या बाजूने गोड्या पाण्याचा फवारा मारा. खाडीलगतच्या विहिरीचं मचूळ पाणी त्यासाठी नको, त्याने गंज उलट वाढतो. गाडी परत देताना सामान्य झीज चालते, पण गंज आणि पोचे झीज म्हणून धरतील याची खात्री नाही.

यावरून माझी स्वतःची चूक. गाडी ताब्यात घेताना मी फोटो काढले ते हार घातलेल्या बोनेटचे आणि बायको-मुलांचे. दरवाजे, बंपर, चाकं, एकही नाही. तुम्ही मीटरच्या आकड्यासकट चारही बाजूंचे काढा आणि त्याच दिवशी कंपनीला मेल करा. पहिल्याच पावसात माडाची झावळी बोनेटवर पडली. क्लेम नको, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी विम्याची सूट) जाईल, असं म्हणून गावातल्या डेंटरकडून पोचा काढून रंग मारून घेतला. सावलीत कळत नाही, उन्हात तेवढाच चौकोन वेगळा दिसतो. करार संपायला आठ महिने आहेत. लीज कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, परत देताना तपासणीत बघू. तोवर गाडी माडाखालून काढून पडवीकडे लावतो आहे. तिथे फणस आहे, हे बायकोने कालच दाखवून दिलं.