पंपाचं इंजिन डोंग्याला लावताय? या चुका टाळा

पावसाळा ओसरला की कन्हानकाठचे, खिंडसीकडचे, पार वैनगंगेवरचे मासेमारी करणारे ढीवर भाऊ माझ्याकडे पाण्याच्या पंपाचं साडेपाच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन घेऊन येतात. इंजिन बहुतेक वेळा चांगलं असतं. बसवणाऱ्याने घाई केलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पंख्याचा दांडा थेट इंजिनच्या शाफ्टला जोडणं. पंखा पाणी मागे रेटतो, तेवढाच रेटा दांड्यातून पुढे येतो आणि त्यावरच डोंगा चालतो. तो झेलायला मध्ये काही नसेल तर सगळा क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवर, बसतो, आणि क्रँकचे बेअरिंग असा सततचा रेटा सोसायला बनवलेलेच नसतात. मौद्याच्या एका पोट्ट्याने पाइपचा तुकडा वेल्डिंग करून दोन्ही जोडले होते. "काका, चार फेऱ्या मस्त चाललं," म्हणाला. पाचव्या फेरीत सील फुटलं, तेल डोंग्यात. मी शाफ्ट हाताने आतबाहेर ढकलला तर टक-टक वाजत होता. उघडलं तर तेलात चंदेरी भुकटी. बेअरिंगचे पैसे वाचवले आणि अख्खं इंजिन गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हा रेटा झेलायला मी दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यातच, इंजिनच्या बाजूला, टेपर रोलर बेअरिंगची जोडी बसवतो. मग रबराचं कपलिंग, त्यात दोन-तीन मिलिमीटर फट. बेअरिंग नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत मिळतात. बसवून झालं की पंख्याकडून तळव्याने जोर लावून बघतो. क्रँक जरासुद्धा हलला तर काम परत उघडतो.

दुसरी चूक तेलाची. या इंजिनात तेलाचा पंप नसतो, कनेक्टिंग रॉडखालचा चमचा तेल उडवतो. 20 अंशांपेक्षा जास्त कललं की चमच्याला तेल मिळत नाही. म्हणून खाली पाचर देऊन मी इंजिन असं बसवतो की पंखा पाण्यात असताना ते सपाट राहील. तेल कमी पडलं की काही इंजिनं आपोआप बंद होतात. मग मधल्या पाण्यात बंद पडतं म्हणून लोक त्या सेन्सरची वायरच काढून टाकतात! ती वायर काढलेलं इंजिन मी दुरुस्तीला घेत नाही.

गव्हर्नर काढू नका. पंखा पाण्याबाहेर आला की तोच वेग आवरतो. हवेने थंड होणारं इंजिन पेटीत कोंडू नका. सायलेन्सरचं तोंड माणसांकडे नको. बंद करायच्या स्विचची दोरी मनगटाला बांधा. लाइफ जॅकेट आणि वल्हं डोंग्यात असल्याशिवाय काठ सोडू नका.

पहिली चाचणी मी डोंगा काठाला दोराने बांधून, दहा मिनिटं पंखा चालवून घेतो. मग इंजिन बंद करून एकेक नट पान्याने तपासतो. एखादा ढिला निघतोच.