‘ब्लेड ऑफ द इम्मॉर्टल’ अर्ध्यावर न सोडता कसं वाचायचं

हिरोआकी सामुरा यांची ‘ब्लेड ऑफ द इम्मॉर्टल’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पहिल्या-दुसऱ्या खंडातच बाजूला ठेवणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि त्यांना दोष देता येत नाही. सुरुवात कच्चीच आहे. दर थोड्या पानांनी एक नवा विक्षिप्त तलवारबाज येतो, लांबलचक बोलतो आणि कापला जातो, मग दुसरा. नायक मांजी मरतच नाही, त्यामुळे लढाईत धाकधूक उरत नाही. तरीही ही मांगा १९९३ ते २०१२ अशी जवळजवळ वीस वर्षं कोदान्शाच्या ‘आफ्टरनून’ मासिकात चालली, जपानीत तिचे ३० खंड झाले आणि इंग्रजी आवृत्तीला २००० साली कॉमिक्ससाठीचा आयझनर पुरस्कार मिळाला. मधे कुठेतरी गाडी रुळावर येते हे उघड आहे. ती नेमकी कुठे येते आणि तिथवर कसं पोचायचं, ते पाहू.

आधी आवृत्तीचं बघा, कारण बरेच जण तिथेच अडखळतात. इंग्रजीत ही मालिका डार्क हॉर्सने काढली. सुटे खंड ३१ आहेत, म्हणजे जपानीपेक्षा एक जास्त, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. कोणी ‘सातव्या खंडापासून रंगते’ म्हणालं, तर कुठला सातवा ते विचारा; त्यापेक्षा भागाच्या नावाने शोधणं बरं. इथून पुढे दिलेले आकडे इंग्रजी सुट्या खंडांचे आहेत. आता सुटे खंड जमवण्याच्या फंदात पडू नका. तीन-तीन खंड एकत्र बांधलेल्या ऑम्निबस आवृत्तीत आणि मोठ्या आकाराच्या, पुठ्ठा बांधणीच्या डीलक्स आवृत्तीत सगळी मालिका मिळते. चित्रांसाठी डीलक्स केव्हाही सरस. सामुरा ऐन मोक्याच्या क्षणी शाई सोडून पेन्सिलीवर येतात, आणि त्या पेन्सिलीच्या छटा लहान छपाईत दबतात. मोबाइलच्या पडद्यावर तर त्यांचा नुसता राखाडी चिखल होतो. डिजिटल घेणार असाल तर निदान दहा इंची टॅब्लेट हवा. डीलक्सचा एकच त्रास म्हणजे वजन. ते लोकलमध्ये उभ्याने वाचायचं पुस्तक नव्हे.

तीन-तीन खंडांच्या या ग्रंथांपैकी पहिला एकटा घेऊ नका, दुसरा सोबतच घ्या. हा या सगळ्यातला सर्वांत कामाचा सल्ला. पहिल्यात १ ते ३ खंड आहेत आणि मालिकेचा सगळा कच्चेपणा तिथेच साठलाय. दुसऱ्यात ४ ते ६ आहेत आणि वळण तिथे आहे. पहिला संपल्यावर दुसरा मागवायला बसलात, तर तो येईपर्यंत उत्साह ओसरलेला असतो.

इंग्रजी आवृत्ती डावीकडून उजवीकडे वाचायची आहे, पण पानं आरशात धरल्यासारखी सरसकट उलटवलेली नाहीत. चौकटी कापून, जागा बदलून पुन्हा जुळवल्या आहेत. यामागचं एक कारण मांजीच्या पाठीवर आहे. तिथलं चिन्ह म्हणजे डावीकडे वळणारा स्वस्तिक, जो जपानी नकाशांत बौद्ध मंदिराची खूण म्हणून येतो. पान उलटवलं असतं तर तो उजवीकडे वळला असता आणि पाश्चात्त्य वाचकाला थेट नाझी चिन्ह दिसलं असतं. आपल्या रांगोळीतला स्वस्तिक सहसा उजवीकडेच वळतो, त्यामुळे मराठी वाचक या खुणेपाशी दचकत नाही. पण कापाकापीचा एक तोटा आपल्यालाही भोवतो: काही पानांवर आधी कुठली चौकट आणि कुठला फुगा, तेच कळत नाही. संवाद तुटल्यासारखा वाटला तर ते पान वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पुन्हा वाचा. दोष दर वेळी कथेचा नसतो.

आता खरी अडचण. पहिले खंड वाचकाची नजर चुकीच्या माणसावर खिळवतात. पहिलं प्रकरण स्वतंत्र कथेसारखं आहे: शंभर जणांना मारलेला मांजी, आठशे वर्षांच्या भिक्षुणीने त्याच्या अंगात सोडलेले, तुटलेलं शरीर सांधणारे किडे, आणि सुटका हवी तर हजार दुष्टांना मारण्याची त्याची शपथ. वाचकाला वाटतं, आता हजाराचा हिशोब चालणार. तो चालत नाही. तो आकडा पुढे लेखकालाही फारसा आठवत नाही, तेव्हा तुम्हीही मोजू नका. पुढे ज्यावर सगळी मालिका उभी राहते ती रिन असानो या पहिल्या प्रकरणात नाहीच. म्हणजे पहिल्या प्रकरणावरून मालिका जोखणं म्हणजे नांदीवरून नाटक जोखणं.

रिनच्या वडिलांची तलवारीची शाळा होती. इत्तो-ऱ्यू या टोळीने ती संपवली, वडिलांना तिच्यादेखत मारलं, आईला नेलं. दोन वर्षांनी ती मांजीला अंगरक्षक म्हणून सोबत घेते. टोळीचा म्होरक्या अनोत्सु कागेहिसा. त्याच्या आजोबाला रिनच्या घराण्याच्या शाळेतून हाकलून दिलेलं असतं. म्हणजे सूड एकट्या रिनचा नाही, तिच्याआधी तो समोरच्या घरातही पिढीजात चालत आलाय. हे सूत्र पहिल्या खंडातच आहे, फक्त मारामारीच्या गर्दीत दडपलंय. प्रत्येक लढाईत ‘मांजी जिंकणार का’ हे विचारणं सोडा, तो बहुतेक वेळा जिंकतोच. त्याऐवजी रिन काय पाहते, कशाला घाबरते आणि कशाची तिला लाज वाटते, तेवढं टिपत चला.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कुरोई साबातो. मालिकेतला हा पहिला मोठा शत्रू वरवर पाहता निव्वळ भडक आहे: शिरस्त्राण, अंगरखा आणि अंगरख्याखाली खांद्यांवर शिवलेली बायकांची मुंडकी. त्यांतलं एक रिनच्या आईचं. हा माणूस रिनला प्रेमाच्या कविता पाठवत असतो. घाईने वाचलं तर हा सगळा किळसवाणा तमाशा वाटतो. पण थांबून बघा: ज्या क्षणासाठी रिनने दोन वर्षं सराव केला, तो क्षण समोर आल्यावर तिच्या हाती काहीच राहत नाही, काम मांजी उरकतो. सूड ‘पूर्ण’ होतो आणि तिला त्यातून काही मिळत नाही. पुढच्या तीस खंडांचा प्रश्न इथेच पेरलाय.

वाचण्याचा वेग सगळीकडे सारखा ठेवू नका. पहिल्या ग्रंथाला तीन बैठका पुरतात, एका बैठकीला एक खंड. लढाईची पानं भरभर उलटली तरी चालतील, फक्त एक गोष्ट सोडू नका. सुरुवातीच्या खंडांत कोणाचा जीव जातो तेव्हा सामुरा कधी कधी अख्ख्या पानावर जुन्या जपानी छापचित्रांच्या वळणाची, नक्षीदार रचना मांडतात. तिथे हालचाल थांबते आणि मृत्यूची सजावट होते. काहींना हा दिखाऊपणा वाटतो, आणि थोडा आहेही. पुढे ही पद्धत मागे पडते आणि लढाई अधिक कोरडी, अधिक वेदनादायक होत जाते. तो फरक जाणवायचा तर आधीची पानं नीट पाहिलेली हवीत.

दुसऱ्या खंडात, ‘क्राय ऑफ द वर्म’मध्ये, एइकु शिझुमा येतो. त्याच्याही अंगात तेच किडे आहेत आणि किडे मारणारं विषही त्याच्याकडे आहे. मांजी हरू शकतो हे पहिल्यांदा इथे कळतं. कंटाळा आलाच असेल तर निदान इथवर या. तिसऱ्यात, ‘ड्रीमसाँग’मध्ये, ओतोनो-ताचिबाना माकिए भेटते. मालिकेतली ही बहुधा सर्वांत कुशल योद्धा, आणि तिलाच आपण कशासाठी मारतोय ते ठाऊक नाही. हा खंड मात्र सावकाश वाचा. चित्रंही इथे एक पायरी वर चढलेली दिसतील.

थांबायचं की पुढे जायचं, हा निर्णय चौथ्या खंडापर्यंत लांबवा. ‘ऑन सायलेंट विंग्ज’ हा भाग म्हणजे खरी कसोटी. त्यात मुखवटे घडवणारा कावाकामी आराया आणि त्याचा लहान मुलगा रेन्झो येतात. मुलाशी रिनची आधी गट्टी जमते. आराया मात्र तिच्या आईवर अत्याचार करणाऱ्यांतला एक. आता त्याला मारलं तर मागे उरणार ते आणखी एक पोरकं पोर, अगदी रिनसारखंच. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण त्या पोराचा हिशोब मालिका विसरत नाही, एवढं ध्यानात ठेवा. याच सुमाराला रिन आणि अनोत्सु एकटे समोरासमोर येतात. तो तिला मारत नाही. बसून बोलतो, आणि खलनायकाचं म्हणणं पटण्यासारखं निघतं. हे वाचूनही काही हललं नाही, तर मालिका खुशाल सोडा. पुढचे खंड याच दिशेने खोल जातात, वेगळं काही देत नाहीत.

सहाव्या खंडापासून माणसांची गर्दी वाढते आणि नावांचा गोंधळ होऊन वाचक गळायला लागतात. एक कागदाची पट्टी खूण म्हणून ठेवा आणि तिच्यावर तीन रकाने करा. पहिला इत्तो-ऱ्यूचा: अनोत्सु, माकिए, मागात्सु ताइतो. दुसरा मुगाई-ऱ्यूचा: शिरा, ह्याकुरिन, गिइची, शिनरीजी; मृत्युदंड झालेल्या या गुन्हेगारांना शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, इत्तो-ऱ्यूच्या मागे लावलंय. तिसऱ्यात त्यांचा सूत्रधार हाबाकी कागिमुरा. नवीन नाव आलं की योग्य रकान्यात टाका, आणि कोणी बाजू बदलली तर बाण काढा. बाण बरेच निघतील. जपानी रीतीने आडनाव आधी येतं, पण इंग्रजी मजकुरात कधी आडनावाने, कधी नावाने हाक मारतात, म्हणून दोन्ही लिहा. मागात्सुवर विशेष लक्ष असू द्या. सुरुवातीला तो आणखी एक मुखवटेवाला शत्रू वाटतो. शिराशी त्याचं वैर जडल्यावर तो मालिकेतल्या सर्वांत माणुसकीच्या पात्रांपैकी एक होतो.

काळ तेन्मेईचा, म्हणजे १७८० चं दशक. पण इतिहासाची अचूकता इथे शोधू नका. पात्रांची केशरचना, बोलणं, हत्यारं सगळं मुद्दाम बेकालीन आहे. तलवारीच्या घराण्यांची शिस्त मोडून काढायची हाच इत्तो-ऱ्यूचा पवित्रा असल्यामुळे कथेत ते शोभतंही.

एक इशारा मात्र स्पष्ट द्यायला हवा. ही मांगा प्रौढांसाठीच आहे. हातपाय तुटणं हा भाग वेगळा. लैंगिक अत्याचार आणि छळ यांची दृश्यं बरीच आहेत आणि काही फार लांबतात. अकराव्या खंडातला, ‘बीस्ट्स’मधला, ह्याकुरिनचा प्रसंग सर्वांत जड आहे. ती पानं न बघता उलटलीत तरी कथा हातची जात नाही. ती पकडली जाते आणि गिइची तिला शोधत येतो, एवढं कळलं की पुरे.

दुसरं घोडं अडतं ते सोळाव्या ते एकविसाव्या खंडांदरम्यान. मांजीला एडोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्याखालच्या तळघरात डांबून ठेवतात आणि बुरान्दो आयामे हा वैद्य त्याचं अमरत्व दुसऱ्यांच्या शरीरात रुजवण्याचे प्रयोग करतो: मांजीचे अवयव कापून कैद्यांना जोडणं, कोण जगतं ते पाहणं. द्वंद्व नाही, उजेड नाही, नायक साखळीत. महिन्याला एक प्रकरण वाचणाऱ्या जपानी वाचकाचं काय झालं असेल, देव जाणे. आपल्या हाती सगळे खंड असतात, तेव्हा हा टप्पा तुकड्यातुकड्याने वाचू नका. सहा खंड सलग तीन-चार दिवसांत संपवा. मधे आठवडाभर खंड पडला तर तळघराचा नकाशा आणि कैद्यांचे चेहरे डोक्यातून जातात आणि पुन्हा सुरुवात करायची इच्छा होत नाही. हा भाग गाळायचा मोह होईल, पण गाळू नका. रिन इथे पहिल्यांदा इत्तो-ऱ्यूतल्या दोआला सोबत घेऊन स्वतः मांजीला सोडवायला निघते, आणि हाबाकीचं पुढचं सगळं वागणं याच तळघरातून ठरतं. इथून बाहेर पडलात की शेवटचा, बर्फातला टप्पा स्वतःच ओढून नेतो. त्यासाठी कसल्याही युक्तीची गरज नाही.

कच्ची सुरुवात टाळायला आधी ॲनिमे पाहावं का? २००८ च्या मालिकेचे १३ भाग आहेत आणि त्यात नेमका हा सुरुवातीचाच मजकूर आहे, म्हणजे उपयोग उलटा. २०१९ ची मालिका २४ भागांत सगळी कथा संपवते आणि त्यामुळे धावते. मधे बरेच दिवस गेल्यावर पुन्हा वाचायला बसलात तर उजळणीला चालेल, पहिल्या ओळखीला नाही. ताकाशी मिइके यांचा २०१७ चा चित्रपट हे वेगळंच प्रकरण आहे: लढाया जोरदार, पण रिनचा प्रश्न त्यात मावत नाही. २०१९ पासून बाकुमात्सु, म्हणजे शोगुनशाहीच्या अखेरच्या, काळावर बेतलेली उत्तरकथाही निघाली, तिचे लेखक-चित्रकार दुसरे आहेत. मूळ मालिका पुरी होईपर्यंत तिच्या मुखपृष्ठाकडेसुद्धा बघू नका, शेवटी कोण जिवंत राहतं ते तिथेच कळतं.