इंग्रजीतला ‘हार्ड’ कसा शिकावा?

अमृततुल्यात आपण ‘कडक’ चहा मागतो. मे महिन्यात ऊन कडक असतं, लग्नाला जाताना शर्टाला कडक इस्त्री लागते, आजी कडक उपवास करते आणि गणिताचे सर कडक असतात. या ‘कडक’चे अर्थ लहानपणी कुणी आपल्याकडून पाठ करून घेतले नाहीत. शब्द चहासोबत, उन्हासोबत, उपवासासोबत कानावर पडला आणि जोडीसकट लक्षात राहिला.

इंग्रजी शिकताना मात्र आपण वहीत ‘हार्ड म्हणजे कठीण’ असं लिहितो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. मग ‘हार्ड वॉटर’ समोर आलं की अडतं. पाणी कठीण कसं असेल? ‘हार्ड’सारखं विशेषण शिकायचं तर सुरुवात वहीपासूनच बदलावी लागते.

आधी जोड्या गोळा करा

एका विशेषणाला वहीचं एक अख्खं पान द्या. त्यावर सुटा ‘हार्ड’ लिहू नका, त्याच्यापुढे येणारं नाम घेऊनच लिहा: हार्ड चेअर, हार्ड पेपर, हार्ड वर्क, हार्ड कॉपी, हार्ड डिस्क, हार्ड कॅश, हार्ड लाइफ. यातल्या निम्म्या जोड्या तुम्ही रोज वापरता. प्रवेशाच्या रांगेत उभा असलेला विद्यार्थीही ‘हार्ड कॉपी आणलीय का?’ असं सहज विचारतो. जे येतं तिथून सुरुवात केली की पान भराभर भरतं.

मग प्रत्येक जोडीचा उलट शब्द शोधा

माझ्या मते खरं शिकणं याच पायरीवर होतं, म्हणून इथे घाई करू नका. ‘हार्ड’चा अर्थ काय, यापेक्षा इथे ‘हार्ड’च्या उलट काय, हे विचारा. खुर्ची हार्ड असेल तर उलट ‘सॉफ्ट’. पेपर हार्ड असेल तर ‘ईझी’. थंडी हार्ड असेल तर ‘माइल्ड’. उलट शब्द बदलला की अर्थ बदलला, हे तुमचं तुम्हालाच कळतं.

आता पाणी घ्या. पुण्याच्या कडेच्या अनेक सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. साबण कितीही चोळा, फेस धरत नाही. हाताला चिकट साका लागतो आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून साका तयार करतो, म्हणून फेसाला साबण उरतच नाही. हेच हार्ड वॉटर. घरात आपण त्याला जड पाणी म्हणतो, शाळेच्या पुस्तकात ते ‘दुष्फेन’ असतं. उलट ‘सॉफ्ट वॉटर’, म्हणजे सुफेन. तेव्हा वहीत ‘कठीण पाणी’ लिहू नका. मराठीत खरोखर जे म्हणतात तेच लिहा.

‘हार्ड डिस्क’चा उलट शब्द आता वापरातूनच गेला आहे. संगणकाला जोडलेली पहिली डिस्क ड्राइव्ह आयबीएमने १९५६ साली आणली, तिच्यात धातूच्या ताठ तबकड्या होत्या. पुढे लवचीक फ्लॉपी आली आणि तिच्यापासून वेगळी ओळख म्हणून ताठ तबकडीला ‘हार्ड’ म्हणणं रूढ झालं. फ्लॉपी गेली, नाव राहिलं. ‘हार्ड कॅश’ म्हणजे रोख. मुळात कागदी नोटांच्या उलट खणखणीत नाणी. अक्षरंसुद्धा हार्ड असतात: ‘कॅट’मधला ‘सी’ हार्ड, ‘सिटी’मधला सॉफ्ट, ‘गेम’मधला ‘जी’ हार्ड, ‘जेम’मधला सॉफ्ट. मुलांना स्पेलिंग शिकवताना ही जोडी फार कामाला येते.

सगळ्यांत समान धागा पाहा

हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘घट्ट’ या अर्थाबरोबरच ‘कणखर, शूर’ या अर्थानेही वापरला जाई. रिचर्ड, बर्नार्ड, लिओनार्ड या नावांच्या शेवटी तोच जर्मानिक ‘हार्ड’ आहे. दाबलं तरी दबत नाही, रेटलं तरी हटत नाही, हा तो धागा. तो हातात आला की अवघड जोड्याही उलगडतात. ‘हार्ड फॅक्ट्स’ म्हणजे वाद घालून न बदलणाऱ्या गोष्टी. तुळशीबागेत एखादी काकू शेवटच्या दहा रुपयांसाठी अडून बसते, तेव्हा ‘शी ड्राइव्ह्ज अ हार्ड बार्गेन’. भांडण मिटल्यावर ‘नो हार्ड फीलिंग्ज’ म्हणजे आपलं ‘मनात ठेवू नका हं’.

काही प्रयोग मात्र तसेच लक्षात ठेवावे लागतात. ‘हार्ड अप’ म्हणजे पैशांची चणचण असलेला. ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ म्हणजे ज्याला कमी ऐकू येतं असा.

वाक्यात बसवा

मराठीत आपण ‘मला हे समजायला अवघड जातं’ म्हणतो. त्याच घडणीवर ‘आय अ‍ॅम हार्ड टू अंडरस्टँड धिस’ असं वाक्य हमखास तयार होतं, आणि ते चूक आहे. ‘इट’ने सुरुवात करा: ‘इट इज हार्ड फॉर मी टू अंडरस्टँड धिस.’ ‘इट इज हार्ड टू फाइंड पार्किंग ऑन लक्ष्मी रोड.’ असं वाक्य रोजच्या अनुभवातून घ्या आणि मोठ्याने म्हणा.

जोड्या तपासायला अप्पा बळवंत चौकातून एखादा ‘लर्नर्स’ प्रकारचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. जुना मिळाला तरी चालेल. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना असा कोश रचला, तो १९४२ साली टोकियोत निघाला. अशा कोशात प्रत्येक अर्थाखाली वापराची वाक्यं असतात आणि आपल्याला हवी असतात ती तीच.

‘हार्डली’ वेगळ्या पानावर लिहा

मुलाखतीत ‘आय वर्क हार्डली’ म्हणणारी हुशार मुलं पाहिली की जीव हळहळतो. ‘-ली’ लावलं की क्रियाविशेषण होतं, हा शाळेतला नियम इथे दगा देतो. क्रियाविशेषण म्हणूनही ‘हार्ड’च चालतो: ‘आय वर्क हार्ड.’ ‘हार्डली’चा अर्थ ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’ असा आहे. ‘आय हार्डली वर्क’ म्हणजे मी फारसं कामच करत नाही! ‘हार्डली एनी’ म्हणजे क्वचितच काही, ‘हार्डली एव्हर’ म्हणजे क्वचितच कधी. नकार त्या शब्दातच आहे, म्हणून सोबत ‘नॉट’ घालू नका. ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ एवढंच पुरतं. भर चौकात फोनवर बोलताना हे वाक्य वापरून पाहा.