रात्री आपोआप घुरघुरणारा पंप

जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला तेव्हा आतले दिवे मिणमिणत होते आणि पाण्याचा पंप रात्री मध्येच दोन सेकंद घुरघुरून गप्प व्हायचा. दोन्हींचं दुखणं एकच, असं मी धरून चाललो. साफ चूक.

अशा ट्रेलरमध्ये वायरिंग दोन असतात: बॅटरीवरचं 12 व्होल्ट डीसी आणि बाहेरून प्लग लावल्यावर चालणारं, घरातल्या विजेसारखं एसी. माझ्याकडे दोन्हींत काळ्या-पांढऱ्याच वायरी! रंगावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. प्लग काढला, बॅटरी सोडवली आणि एकेक वायर हाताने चाचपत तिला चिठ्ठी चिकटवली. यात अख्खा रविवार गेला.

मग फक्त बॅटरी जोडून, दिवे लावून मल्टिमीटर धरला. बॅटरीवर 12.6, दिव्यापाशी 10.9. मीटरची काळी पिन लांब वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तर त्याच दिव्यापाशी 12.4. म्हणजे पॉझिटिव्ह ठीक, गडबड परतीच्या, म्हणजे निगेटिव्हच्या वाटेवर. ही वाट ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यातून, चासीतून जाते. चासीवरचा अर्थिंगचा स्क्रू काढला तर खाली गंजाचा जाड थर. पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासलं, वायरीच्या टोकाला नवा लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावला. दिवे लख्ख.

पंपाचं वेगळंच. पाइपातला दाब उतरला की तो आपोआप सुरू होतो. नळ बंद असताना तो चालतो, म्हणजे दाब कुठेतरी उतरतोय. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवले; सकाळी सगळे कोरडे. शेवटी बाहेर गेलो, तर बाहेरचा पाइप जिथे जोडतात त्या तोंडातूनच थेंब टपकत होते. तिथल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलट बाहेर जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) रबरात वाळूचा एक कण अडकला होता.